त्या दिवशी कोण येणार?

गावाकडे बँड ठरवायचा किंवा तमाशाचा फड बोलवायचा म्हणजे ‘सुपारी द्यायची’. या शब्दाला हल्ली गुन्हेगारीचा वास लागलाय, पण मुळात तो साधासरळ करार होता. एक सुपारी, विसाराची थोडी रक्कम आणि एक तारीख. सुपारी हातात घेतली की त्या तिथीला तो माणूस तुमचा. मग दुसरं कुणी दुप्पट बिदागी घेऊन आलं तरी नाही. कागद कुठेच नसायचा. त्याची गरजही नव्हती, कारण बँडवाला चार कोसांवरचा, आणि एकदा शब्द फिरवला की पुढच्या हंगामात पंचक्रोशीत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

आता लग्न ठरलं की कार्यालय, केटरर, मंडपवाला, फोटोग्राफर, मेकअप करणारी, मेंदीवाली, साउंडवाला अशी आठ-दहा माणसं आपण महिन्याभरात ठरवून टाकतो. त्यातल्या बहुतेकांना आपण पहिल्यांदाच भेटतो आणि लग्नानंतर पुन्हा कधी भेटत नाही. पंचक्रोशी नाही, सुपारी नाही, उरलाय तो फक्त विसार. त्याला टोकन म्हणतात आणि तो फोनवरून जातो.

मी फार शहाणपणा शिकवतोय असं वाटू नये, म्हणून आधी भाचीच्या लग्नाचं सांगतो. लग्न साताऱ्याकडे होतं. फोटोग्राफर भाचीनेच इन्स्टाग्रामवर पाहून निवडलेला. काम खरंच देखणं होतं. लग्नाच्या सकाळी दोन पोरं उतरली. एकाच्या गळ्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात वडापाव.

“दादा कुठायत?” मी विचारलं.

“दादा लोणावळ्याच्या ऑर्डरला गेलेत, मामा. पण टेन्शन नका घेऊ, आम्ही सगळं करतो.”

केलं त्यांनी. ३,८०० फोटो आले. त्यात स्टेजवरच्या फुलांचे नव्वदेक होते, हँगरला लटकवलेल्या शालूचे चाळीस होते, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाही होत्या. मामा नवरीला हाताला धरून मंडपात आणतो तो प्रसंग एकाच फोटोत सापडला आणि त्यात माझ्या वाट्याला कोपर आलं. अंतरपाट खाली आला त्या क्षणी पोरगा बॅटरी बदलत होता.

त्या पोरांचा मला राग आला नाही. सकाळी सहाला पुण्याहून निघालेली, घरातला एकही माणूस ओळखीचा नाही, वधूची आत्या कोण आणि शेजारीण कोण हे सांगायला कुणी बरोबर नाही. चूक दादांची होती, आणि आमचीही. आम्ही दादांना विचारलं होतं की पॅकेज काय, अल्बम किती पानांचा, ड्रोन आहे का. त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार का, एवढंच विचारायचं राहिलं.

या धंद्यात याला ऑर्डर फिरवणं म्हणतात, आणि ते सरसकट लबाडीतून होतं असंही नाही. ते पंचांगातून होतं. चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो, पौषात पुन्हा हात आखडतो, आणि मध्येच गुरू-शुक्राचा अस्त आला की तेवढे आठवडे गेले. २०२४ साली मे आणि जूनचा बराच काळ असाच अस्तात गेला आणि ऐन सुट्टीच्या दिवसांत लोकांना काढीव मुहूर्तांवर भागवावं लागलं. वर्षाचे मुहूर्त पन्नास-साठच्या आसपास. त्यातही रविवार किंवा सुट्टीला जोडून येणारी तीथ सगळ्यांनाच हवी. अशी दाट तीथ आली की एकाच दिवशी एकाच फोटोग्राफरकडे पाच चौकशा येतात. पावसाळ्याचे चार महिने ज्याला घरी बसून काढायचेत, तो पाचांपैकी तिघांना हो म्हणतो आणि दोन लग्नांना पोरं पाठवतो. आचाऱ्याचं तेच, मेकअपवालीचं तेच, भटजींचंसुद्धा तेच.

म्हणजे लग्नात आपण वस्तू विकत घेतच नाही. एका माणसाचा एक दिवस विकत घेतो, आणि तो दिवस दुसऱ्या कुणालाही विकत घेता येतो. त्यामुळे कुणालाही ठरवताना माझा पहिला प्रश्न आता पैशांचा नसतो. त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार आणि त्याच तारखेला तुमच्या आणखी किती ऑर्डरी आहेत, एवढंच मी आधी विचारतो. जो सरळ सांगतो, “मी सकाळी तुमच्याकडे, संध्याकाळच्या रिसेप्शनला माझा भाऊ, त्याचं काम हे बघा,” त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही. “आमची टीम असते ना काका” असं उत्तर आलं, तर टीममधल्या माणसाचं नाव कागदावर मागून घ्यावं.

आता काम कसं बघायचं? इन्स्टाग्रामवर दिसतात ते पन्नास लग्नांतले पन्नास उत्तम फोटो. शिवाय त्यातले काही लग्नातले नसतातच. मॉडेल, भाड्याची पैठणी आणि संध्याकाळचं कोवळं ऊन घेऊन केलेल्या सरावाच्या शूटमधले असतात. त्यावरून माणसाला फोटो काढता येतो एवढं कळतं; लग्न काढता येतं का, ते कळत नाही. म्हणून एकच लग्न मागावं, पण सगळं: हळदीपासून पाठवणीपर्यंत, गिऱ्हाइकाला दिलेले सगळेच्या सगळे फोटो. आणि ते राजवाड्यातलं नको. आपल्यासारख्याच कार्यालयातलं हवं. वर पत्रा, मागे गुलाबी पडदा, बाजूला पिवळ्या उजेडाचा बल्ब. तिथे ज्याला चेहरे नीट काढता आले, त्याला कुठेही येतील.

त्या फोटोंमध्ये नवरीकडे बघू नका. ती सगळ्यांचीच छान येते. कडेला उभ्या असलेल्या आजी बघा, त्यांचे डोळे उघडे आहेत का. मोठ्या ग्रुपफोटोत शेवटच्या दोघांचे चेहरे ताणलेले आहेत का, मागच्या रांगेतला पोरगा कुणाच्या खांद्याआड गेलाय का. सकाळच्या आणि रात्रीच्या फोटोत त्याच माणसाचा रंग तोच दिसतो की सकाळी गोरा, रात्री जांभळा?

हा जांभळा रंग कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. हल्ली स्टेजवर रंगीत एलईडीचे दिवे लावतात. डोळ्यांना ते झगमगाट वाटतात, कॅमेऱ्याला ते संकट. नुसता गुलाबी-जांभळा प्रकाश चेहऱ्यावर पडला की बाकीच्या रंगांची माहिती फोटोत उतरतच नाही, मग नंतर संगणकावर बसून ती आणणार कुठून? हळदीचा पिवळा असा गेला की गेलाच. दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. आपल्याला ते दिसत नाही, पण फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात आणि व्हिडिओत पडदा थरथरतो. जाणकार माणूस शटरचा वेग १/५० किंवा १/१०० वर ठेवून यातून वाट काढतो, पण तेवढ्या संथ वेगात उडणाऱ्या अक्षता आणि हलणारे हात पुसट होतात. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. यावरचा उपाय फुकट आहे. मंडपवाल्याचा नंबर फोटोग्राफरला द्या आणि फोटोग्राफरचा मंडपवाल्याला. मंगलाष्टकांच्या वेळी चेहऱ्यांवर साधा ऊबदार पांढरा उजेड, रंगाची हौस मागच्या पडद्यावर. दोघं आपसात बोलले की दहा मिनिटांत मिटतं, आणि आपण सांगितलं नाही तर ते आपसात कधीच बोलत नाहीत.

लॉनवर गोरज मुहूर्त असेल तर आणखी एक हिशेब. डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातनंतर. मावळल्यावर पंचवीसेक मिनिटांत नैसर्गिक उजेड संपतो. नवरदेवाची वरात पाऊण तास उशिरा आली, मित्रांचा नाच आवरेना, की ज्या सोनेरी उजेडासाठी लॉन घेतलं तो डोंगराआड गेलेला असतो. तिथे जगातला कुठलाही कॅमेरा काही करू शकत नाही. वरातीत नाचणाऱ्या भावांना हे आधी सांगून ठेवा. ऐकतीलच असं नाही.

उजेडाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विधी माहीत असणं. कानपिळी दहा सेकंदांत उरकते. वधूचा भाऊ पुढे येतो, कान पिळतो, हशा होतो, संपलं. ज्याला ती येणार हे माहीत नाही तो तेव्हा भलतीकडे तोंड करून असतो. लाजाहोमात धूर कुठल्या बाजूला जातोय हे बघून उभं राहावं लागतं. झालीच्या वेळी टोपल्यातले दिवे हाच काय तो उजेड; तिथे फ्लॅश मारला की सगळी मजा गेली. आणि सूनमुख! सासू सुनेचा चेहरा आरशात बघते. त्या आरशात दोघींचे चेहरे यावेत आणि स्वतः फोटोग्राफर येऊ नये, यासाठी तिरकं, थोडं खाली बसून कोन साधावा लागतो. कुणाचंही काम तपासताना मी सूनमुखाचा फोटो मागतो. आरशात काळा टीशर्ट आणि कॅमेऱ्याची काच दिसली की समजायचं, माणसाला लग्न नवीन आहे.

विधी त्यानं जाणावेत, पण माणसं आपणच सांगायला हवीत. मानपानाची यादी आपण करतोच. तिच्यातच एक रकाना फोटोचा करावा. कुणाचा फोटो नसला तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल, ती नावं वर. घरातला एक तरुण मुलगा किंवा मुलगी, जिला सगळे नातेवाईक चेहऱ्याने माहीत आहेत, तिला फोटोग्राफरच्या बाजूला उभं करावं. “या मोठ्या काकू, या धाकट्या, हे नवरदेवाचे आजोळचे.” भाचीच्या लग्नातल्या त्या पोरांना असं कुणी दिलं असतं तर मला निदान खांद्यापर्यंत तरी जागा मिळाली असती.

यंत्रांबद्दल फार विचारायची गरज नाही, कॅमेऱ्याचं मॉडेल ऐकून आपल्याला काय कळणार? दोन गोष्टी मात्र जरूर विचाराव्यात. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का, आणि त्या रात्री झोपण्यापूर्वी डेटा किती ठिकाणी कॉपी होतो. कार्ड कधीही दगा देतं, आणि सप्तपदी पुन्हा घालायला सांगता येत नाही. डेटा थोडाथोडका नसतो. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने व्हिडिओ घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे सहा तास चालले की पाचशेच्या वर. यासाठीच फोटोग्राफर हार्ड डिस्क तुमची मागतात. ती द्यावी, आणि घरी आली की तिची दुसरी प्रतही काढावी, नाहीतर पाच वर्षांनी कपाटातून निघालेली डिस्क नुसती खडखडते.

पॅकेजच्या कागदावरचे शब्द इथे फोडून सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे स्टेजवर ओळीने उभं करून, समोर बघायला लावून काढलेले; ‘कँडिड’ म्हणजे नकळत टिपलेले. ही बहुतेकदा दोन वेगवेगळी माणसं असतात, म्हणून किती माणसं हे लिहून घ्यावं. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे दहा-वीस मिनिटांची सजवलेली फिल्म. तिच्यात मंगलाष्टका पूर्ण ऐकू येणार नाहीत. आईवडिलांना सलग तीन तासांचा व्हिडिओ हवा असतो, तो वेगळा मागावा लागतो. अल्बमची ‘शीट’ म्हणजे दोन पानं, तेव्हा तीस शीट आणि तीस पानं यांत दुप्पट-निम्म्याचा फरक. आणि ‘रॉ डेटा’ मागताना हे लक्षात असू द्या की रॉ फाइल म्हणजे शिधा आहे, ताट नव्हे. डाळ-तांदूळ घरी आणून ठेवले तरी शिजवायला आचारी लागतोच. काही फोटोग्राफर रॉ देत नाहीत, तेही त्यांच्या जागी बरोबर. अर्धकच्चं वरण स्वतःच्या नावावर कोण खपवून घेईल?

या फोटोंचा मालक कोण, हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा इथे चक्क गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. कलम १७ सांगतं की मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा किंवा फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो. उलटा करार झाला नसेल तर. अमेरिकेत याच्या उलट आहे, तिथे स्वतंत्र धंदा करणाऱ्या फोटोग्राफरकडेच हक्क राहतो, त्यामुळे तिकडे लग्न करणाऱ्या मराठी मंडळींनी इकडचा नियम गृहीत धरू नये. आपल्याकडची मेख ‘उलटा करार’ या दोन शब्दांत आहे. छापील अटींत बारीक अक्षरात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असं असतं आणि आपण सही करतो. मग हळदीत भिजलेल्या बहिणीची रील तिला न विचारता पाच लाख लोक बघतात. नको असेल तर ती ओळ खोडून शेजारी सही करावी, नाहीतर ‘आम्ही निवडून दिलेले फोटोच टाकावेत’ एवढं लिहून घ्यावं. फोटोग्राफरला पुढची कामं त्याच फोटोंवर मिळतात, म्हणून सरसकट नाही म्हणणं मला तरी बरं वाटत नाही.

ड्रोनची हौस असेल तर ड्रोनवाल्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का, ते बघा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला ते लागतं, आणि विमानतळ किंवा लष्करी तळाच्या आसपास तर परवानगीशिवाय उडवताच येत नाही. कुठे उडवता येतं आणि कुठे नाही याचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे. साउंडवाल्याला रात्री १०ला आवाज बंद करायची वेळ माहीत असते, आपल्याच पाहुण्यांना ती माहीत नसते. गाण्यांच्या परवान्यापायी कार्यालयवाले कधी अडवतात. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असं कायद्याच्या कलम ५२मध्येच आहे आणि केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ला जाहीर सूचना काढून त्याची आठवणही करून दिली. पण ही सूट लग्नापुरती. तुमच्या सिनेमॅटिक फिल्मला चित्रपटातलं गाणं लावून ती यूट्यूबवर टाकली तर आवाज बंद पडू शकतो, तेव्हा परवान्याच्या संगीतावर केलेली एक प्रत मागून ठेवावी.

मेकअपबद्दल मला अधिकारवाणीने बोलता येणार नाही. ताईनं, म्हणजे भाचीच्या आईनं, सांगितलेली एकच गोष्ट पुढे करतो. ट्रायलच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढून बघावा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन आणि काही पावडरी फ्लॅशचा उजेड परत फेकतात, आणि आरशात सुंदर दिसणारी नवरी फोटोत पिठात बुडवल्यासारखी पांढरी येते.

आता जेवण. लग्नाची चव लोक फोटोंपेक्षा जास्त लक्षात ठेवतात. केटरर चव बघायला बोलावतो तेव्हा दहा माणसांचं जेवण स्वतः लक्ष घालून करतो. त्यावरून आठशे पानांचं काय होईल ते कळत नाही. त्याचं दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल त्या कार्यालयात, यजमानांना विचारून, शेवटच्या पंगतीच्या वेळी जाऊन उभं राहावं. पहिल्या पंगतीचा मसालेभात सगळ्यांचाच चांगला असतो. तिसऱ्या पंगतीला पुरी गरम आहे का, मठ्ठ्यात पाणी वाढलंय का, वाढपी पानाकडे बघून वाढतोय की तोंड फिरवून, हे बघावं. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक मागायला लाजू नये. कार्यालयात ५०० माणसांना उन्हाळ्यात बासुंदी घालायची म्हणजे खेळ नाही.

आणि ताटं मोजायला माणूस नेमावा. हे मी अनुभवाने सांगतो. भाचीच्या लग्नात ६०० ताटांची हमी होती, दर ३५०. बिल आलं ६८० ताटांचं. ऐंशी ताटं म्हणजे २८,००० रुपये, आणि आमच्या अंदाजाने माणसं सहाशेसुद्धा नव्हती. केटररचा मुनीम शांतपणे म्हणाला, “बँडवाले बावीस, ड्रायव्हर पंधरा, फोटोवाले, मेंदीवाल्या, कार्यालयाची माणसं. शिवाय पाहुण्यांनी आइस्क्रीमला दुसरी ताटं घेतली.” यातलं काहीच खोटं नव्हतं, खरं किती होतं ते ठरवायला मात्र आमच्याकडे आकडा नव्हता. बुफेत ताटाच्या थप्प्या लावण्यापूर्वी एकदा मोजायच्या, शेवटी उरलेल्या मोजायच्या, दोन्ही वेळा दोन्हीकडचा एकेक माणूस आणि वहीत सही. गोडाला वेगळ्या वाट्या. बँड आणि ड्रायव्हरांच्या ताटांचा दर आधीच कमी ठरवता येतो, हे आम्हाला नंतर कळलं. पंगतीत हे सोपं असतं, ओळी गुणिले पानं. हमीचा आकडाही आपण हौसेनं फुगवतो. आपल्याकडे येणार की नाही हे कुणी कळवत नाही, म्हणून सगळ्यांना धरून आकडा देतो आणि न आलेल्या दीडशे माणसांचं जेवण आपल्या डोक्यावर बसतं. हमी थोडी कमी द्यावी आणि जादा किती पानांची तयारी ठेवणार, ते विचारून घ्यावं.

कार्यालयाचं दिसणारं भाडं आणि शेवटी दिलेलं भाडं यांत वीज, जनरेटरचं डिझेल, साफसफाई आणि ‘बाहेरचा डेकोरेटर आणलात तर रॉयल्टी’ एवढं अंतर असतं. किल्ली घेताना आणि देताना विजेच्या मीटरचा फोटो काढावा. मंडपवाला फोटोत दाखवतो ते स्टेज चाळीस फुटांचं असतं आणि तुमच्या कार्यालयातलं चोवीस. कागदावर फूट लिहून घ्यावेत. फुलं खरी किती, कापडी किती, तेही. फेब्रुवारीतलं लग्न असेल तर गुलाबाचा हट्ट सोडावा. मावळातल्या पॉलिहाउसांतले गुलाब तेव्हा व्हॅलेंटाइन डेच्या मागणीकडे वळलेले असतात आणि भाव चढलेले. शेवंती आणि झेंडूनं आजवर कुणाचं लग्न अडलेलं नाही.

पैशांकडे येऊ. फोटोग्राफरला बहुधा तीन हप्त्यांत द्यावे लागतात: ठरवताना, लग्नाच्या दिवशी आणि अल्बम हाती आल्यावर. शेवटचा हप्ता अगदीच नाममात्र ठेवू नका, नाहीतर अल्बमही नाममात्र गतीने येतो. व्यवहार यूपीआयने करा आणि खाली टीप लिहा: लग्नाची तारीख, जागा, कशाचा विसार. करारनामा नसला तरी चालेल. ठरलेलं सगळं एका व्हॉट्सअॅप संदेशात लिहून पाठवावं आणि समोरून ‘ठीक आहे’ एवढं उत्तर घ्यावं. ‘जीएसटी वेगळा’ म्हणणाऱ्याला त्याचा क्रमांक विचारावा. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी लावता येत नाही.

‘अॅडव्हान्स परत मिळणार नाही’ ही ओळ प्रत्येक पावतीवर असते. ती अगदीच दगडावरची रेघ नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यावर ठरवून ठेवलेली सगळी रक्कम आपोआप मिळत नाही, वाजवी भरपाई मिळते. चार महिने आधी तारीख रद्द केली आणि त्या दिवशी त्याला दुसरी ऑर्डर मिळाली, तर बोलायला जागा आहे. आदल्या आठवड्यात रद्द केली तर नाही, आणि नसावीही. तारीख पुढे ढकलली तर काय, हे आधीच लिहून घ्यावं. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या काळात ज्यांच्या कागदावर ही एक ओळ होती ते सुखात होते, बाकीचे वर्षभर फोन करत बसले.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे मिटलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. फोटोग्राफर पुण्याचा म्हणून साताऱ्याच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आम्ही गेलो नाही. भाची म्हणाली, “मामा, तुझ्या कोपराची काय नुकसानभरपाई मागायची?”

तीन वर्षांनी भाच्याचं लग्न निघालं तेव्हा मी प्रश्नांची यादी घेऊनच बसलो होतो. यावेळचा फोटोग्राफर सांगलीकडचा, चाळिशीचा. मी तोंड उघडायच्या आत तोच विचारायला लागला. कार्यालयाची खिडकी कुठल्या बाजूला आहे? मंगलाष्टका कोण म्हणणार, किती वेळ? सूनमुखाचा आरसा केवढा आहे, घरचा आहे की कार्यालयाचा? आजोबांना स्टेजवर चढवता येईल का, की फोटो खाली खुर्चीपाशीच घ्यायचा? माझी यादी खिशातच राहिली. आदल्या संध्याकाळी तो येऊन प्लग पॉइंट मोजून गेला.

काम सुरेख झालं. दीड महिन्यात सगळे फोटो हातात आले. आता फक्त अल्बमसाठी १२० निवडून पाठवायचेत, आणि इथे घोडं अडलंय ते आमच्याकडून. फोटोग्राफर सांगत होता की त्याच्याकडे चार-चार वर्षांपूर्वीच्या लग्नांचे अल्बम असेच अडकलेत. लोक निवडच पाठवत नाहीत आणि शेवटचा हप्ता त्या निवडीबरोबर अडकून राहतो. तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. लग्नाला सात महिने झाले. परवा त्याचा तिसरा फोन आला, “मामा, निवड?” यादीत १३४ फोटो आहेत, चौदा काढायचेत, आणि ताई एकही काढू द्यायला तयार नाही.